हलका, पण हट्टी

लोशनच्या टाकीत ढवळणी सुरू झाली, की हा वर येतो. पांढराशुभ्र, फुगीर, वजनाला जवळजवळ काहीच नाही. नाव फेस.

खरं तर बोलावलेलं असतं तेलाला. पाण्यात तेल नीट विखुरावं म्हणून सर्फॅक्टंट घातलेला असतो. त्याच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपूट पाण्यापासून पळतं. ते शेपूट तेलाच्या थेंबात शिरलं तर इमल्शन, हवेत शिरलं तर फेस. दोघे सख्खे भाऊच. म्हणून एकाला पोसलं की दुसराही पोसला जातो.

फेसाचा हट्ट त्याच्या पडद्यात आहे. बुडबुड्याचा पडदा कुठे पातळ झाला, की तिथला सर्फॅक्टंट विरळ होतो आणि पृष्ठताण वाढतो. तो वाढलेला ताण शेजारचा द्रव ओढून आणतो आणि फाटू पाहणारी जागा सावरतो. याला मॅरंगोनी परिणाम म्हणतात. बारीक बुडबुडे आणखी चिवट. व्यास निम्मा झाला, की वर येण्याचा वेग चौथाईवर येतो. मग ते घट्ट क्रीममध्येच मुक्काम करतात. मापाने भरलेली ट्यूब वजनात कमी भरते, आणि अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन तेल खवट करतो.

फेसाचं वर्म सिलिकॉनला ठाऊक आहे. पाण्याला दूर ठेवणारे सिलिकाचे कण आणि सिलिकॉन तेल यांचा अँटिफोम अगदी थोडा घातला, तरी पडदा फुटतो. बाळाच्या पोटातल्या गॅसवर देतात ते सिमेथिकोनही याच जातीचं. पण हा उपाय जपून करावा लागतो. रंगात तो जास्त झाला, तर सुकलेल्या थरावर बारीक खड्डे उमटतात.

हवेशिवाय मात्र फेसाचं काही चालत नाही, आणि ती हवा बहुतेक वेळा आपणच आत सोडतो: अर्धवट उघड्या पात्यातून, मधोमध पडलेल्या भोवऱ्यातून, उंचावरून ओतलेल्या धारेतून. म्हणून पातं पूर्ण बुडवा. दांडा मध्यापासून बाजूला घ्या किंवा टाकीला आतून बॅफल, म्हणजे भोवरा मोडणाऱ्या पट्ट्या, लावा. तेल नळीने पृष्ठभागाखाली सोडा. सर्फॅक्टंट विरघळताना ढवळणी संथ ठेवा. सोय असेल तर व्हॅक्यूमखाली घोटा. अँटिफोमची बाटली सगळ्यांत शेवटी उघडा. आधी हवेची वाट बंद करा.