मुंब्र्याहून गावाकडे

मुंब्र्याहून आमचे गाव पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण कोकणातल्या माणसाला अंतर विचारले तर तो किलोमीटर सांगत नाही, तास सांगतो, आणि तासही रस्त्याच्या मर्जीवर. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले, तेव्हा आमचा थोरला शाळेत होता. आता त्याचा मुलगा शाळेत जातो. तेव्हा या महामार्गाला सारे सतरा नंबर म्हणत, आता तो सहासष्ट झाला आहे. खड्डे कुठे आहेत हे मात्र आम्हाला नंबरावाचून पाठ आहे.

आम्ही दोघेच जातो. फजरची नमाज घरी पढून, प्रवासाची दुआ म्हणून गाडी काढायची, आणि पळस्पे फाटा ऊन चढायच्या आत मागे टाकायचा हा आमचा शिरस्ता. कर्नाळ्याचा सुळका दिसेपर्यंत एक जण चालवतो, पुढे दुसरा. गाडी चालवायला बाईमाणसाने पंचेचाळिशीनंतर शिकावे का, यावर आमच्या मोहल्ल्यात पुष्कळ चर्चा झाली होती. आता त्याच मोहल्ल्यातल्या बायका 'आम्हालाही पेणपर्यंत न्या' म्हणतात.

मे महिन्यात या रस्त्यावर ताडगोळे, जांभळे आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा असतात. वडखळला आम्ही चहा घेतो. खाणे बरोबर असते: घावन आणि खिमा, शिवाय उकडलेली अंडी. हॉटेलात हलालची खात्री नसते म्हणून डबा, असे आम्ही सांगतो. खरे तर डब्याची सवय अम्मीने लावली. एसटीच्या काळात ती डबा घेऊन नाक्यावर उभी राहायची.

नागोठण्याला आमचा एक विनाकारण थांबा आहे. गावाजवळ अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधल्याची नोंद जुन्या कुलाबा गॅझेटियरमध्ये आहे. पूल इतका अरुंद की समोरासमोर दोन गाड्या यायचा प्रश्नच नाही. पण चारशे वर्षांहून अधिक काळ तो उभा आहे. आजच्या ठेकेदारांना तिथे सहलीला न्यावे असे आम्हाला दर खेपेला वाटते.

कोलाड, इंदापूर, माणगाव पटकन जातात. महाडला मात्र दोन-तीन तास मोडतात, कारण तिथे आमची बहीण राहते. (आमच्यातल्या एकाची बहीण, दुसरीची नणंद. पण एकतीस वर्षांत तो फरक पुसला गेला आहे.) महाड म्हटले की लोकांना चवदार तळे आणि 1927 आठवते, तसे आठवायलाच हवे. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली होती. ही गोष्ट आमच्या मुलांना शाळेत कळली नाही, आम्ही गाडीत सांगितली.

या खेपेला महाडचे जेवण साधे नव्हते. अम्मीच्या इंतकालाला दोन वर्षे झाली. तेव्हापासून गावचे घर बंद आहे. पश्चिमेकडच्या वाशांना वाळवी लागली, मागच्या पावसात माजघरात दोन ठिकाणी गळले. कुवेतला असलेल्या धाकट्या भावाचे म्हणणे सरळ होते: एक गिऱ्हाईक आले आहे, घर आणि चौदा कलमे मिळून घेतो म्हणतो, देऊन टाकू. त्याचे अगदी चुकते असे नाही. त्याची मुले गावाला आली तर तीन दिवसांत कंटाळतात.

वाटणीचा हिशेब कुरआनने घालून दिला आहे. मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे पाच भाग, त्यातला एक बहिणीचा. हे सर्वांना ठाऊक असते. तरी आमच्या भागात बहिणीला विचारायची वेळ आली की 'तिने माफ केले आहे' असे परस्पर सांगून टाकायची रीत आहे. तिने खरेच माफ केले का, हे तिला कोणी विचारत नाही. हिस्सा नको असेल तर तसे तिने सांगावे, आपण तिच्या वतीने सांगू नये. म्हणून भावाला होकार-नकार देण्याआधी महाडला बसून बोलायचे ठरवले होते.

तिने तांदळाची भाकरी आणि कोळंबी केली होती. जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. मग कागद पुढे ठेवला, किंमत सांगितली, तिचा पाचवा हिस्सा किती होतो तेही सांगितले. रक्कम लहान नव्हती. तिचे घर 22 जुलै 2021 च्या पुरात छातीपर्यंत बुडाले होते, आणि त्या नुकसानीतून ती माणसे अजून पुरती सावरलेली नाहीत. पैसे तिला हवेच असणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

ती म्हणाली, "भाईजान, पूर आला तेव्हा मी मुलांना घेऊन कुठे गेले? त्याच घरात ना? सव्वा महिना राहिले. माझा हिस्सा पैशात नको. मे महिन्यात यायला एक खोली माझ्या नावाची ठेवा." आणि थोडे थांबून, "भाभी, छपराच्या खर्चाचा पाचवा भागही मी देणार. हप्त्याने देईन, पण देणार."

पुढे बोलण्यासारखे फार राहिले नाही. कुवेतला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, कौले नवी घालणार की जुनीच परतणार? म्हणजे विषय विक्रीवरून छपरावर आला होता. त्याने शेवटचा होकार दिलेला नाही, हेही खरे.

महाडच्या बाहेर सावित्रीचा पूल लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस माणसांसकट गेल्या. त्याच रस्त्याने तशाच रात्रीच्या गाड्यांतून आम्हीही वर्षानुवर्षे आलो-गेलो. नवा पूल पुढल्या वर्षी जूनमध्ये सुरूही झाला. त्यावरून जाताना गाडीत बोलणे आपोआप थांबते.

पोलादपूरनंतर कशेडी. आता बोगदा झाला आहे, पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांत संपतो. आम्ही जाताना मुद्दाम जुन्या घाटाने जातो, परतताना बोगद्याने. घाटात एका वळणावर पानाच्या द्रोणात करवंदे विकणारी एक म्हातारी बसते. बोगदा झाल्यापासून गाड्या कमी झाल्या. पूर्वी दुपारपर्यंत टोपली रिकामी व्हायची, आता संध्याकाळी उरलेली घरी न्यावी लागते, असे ती सांगत होती. बोगदा नको होता असे कोण म्हणेल? रुग्णवाहिकेत बसलेल्याला विचारा. तरी आम्ही चार द्रोण घेतले, दोन पुरे होते.

नमाजेचा थांबा खेडच्या बाजूला. आम्ही शाफई, त्यामुळे प्रवासात जोहर आणि असर एकत्र, दोन-दोन रकअत पढायची सवलत आहे. अडचण सवलतीची नाही, जागेची आहे. महामार्गावर मशिदी पुष्कळ, पण बाईला वुजू करून दोन रकअत पढायला आडोसा बहुतेक ठिकाणी नाही. कितीतरी वर्षे एकाने मशिदीत आणि दुसरीने गाडीच्या मागच्या सीटवर बसून नमाज पढली. या एका मशिदीने बाजूला पत्र्याची खोली, एक नळ आणि चटई एवढी सोय केली आहे. खर्च काही फार नसावा. इतर गावांच्या जमातींनी हे वाचले तर बरे.

परशुराम घाटातल्या विसाव्यावरून वाशिष्ठी खाली वळत गेलेली दिसते. पोफळीला वीज करून झाली की कोयनेचे पाणी याच नदीत येते, म्हणून मे महिन्यातही ती भरलेली. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर गाडीत पेट्रोल, सावर्ड्यापुढे आरवलीला गरम पाण्याच्या झऱ्यावर पाच मिनिटे पाय बुडवणे, आणि मग संगमेश्वरहून आत खाडीचा रस्ता.

गावात आम्ही मुसाफिर की मुकीम, हा प्रश्न गेली दोन वर्षे आमच्यात निघतो. अम्मी होती तोवर निघाला नव्हता. दोन दिवसांसाठी येतो, मुक्काम मुंब्र्याला. मग कसर करायची का? गावच्या मौलानांना मागे विचारले, तर त्यांनी उलट विचारले, हे गाव तुम्ही सोडले आहे का? तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही.

पोहोचलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. शेजारच्या खालांनी किल्ली आणि बोंबलाचे कालवण दिले. इशा आम्ही माजघरात पूर्ण चार रकअत पढलो, गळक्या जागा सोडून मुसल्ले घातले.

सकाळी सात वाजता छपराचे काम करणारा आला. शिडी लावून वर गेला, पश्चिमेची कौले काढून पाहिली. वासे अकरा बदलावे लागतील, रिपा सगळ्या. मंगळुरी कौले निम्मी तरी चालतील. पाऊस यायला तीन आठवडे होते, त्याने पंधरा दिवस मागितले. आम्ही वहीत पाच रकाने आखले आणि पहिली रक्कम लिहिली.