डावी कळ

मराठीतला 'कळ' हा शब्द मोठा लबाड आहे. यंत्राला कळ असते, पोटात कळ येते, आणि दोन माणसांत भांडण जुंपून देणाऱ्याने 'कळ लावली' असेही आपण म्हणतो. हे सारे अर्थ मी गेली कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो आहे. पण ते सगळेच्या सगळे एखाद्या वस्तूत दबा धरून बसलेले असू शकतात, हे मला गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या एका खोक्याने शिकवले.

त्या खोक्यात आमचा 'अमिगा ५००' होता. ज्यांना हे नाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कमोडोर कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेला हा घरगुती संगणक. संगणक आणि कळफलक एकाच चपट्या पेटीत, आणि स्मरणशक्ती अवघी ५१२ किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा तीत धड मावायचा नाही. आमचा मामा जहाजावर नोकरीला होता. त्याने हे नवल १९९० साली इंग्लंडहून आणले. पुढे १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. आमच्या घरी मात्र या यंत्राचे दिवाळे त्याआधीच, १९९१ च्या मे महिन्यात वाजले होते. त्याच्या उंदराची, म्हणजे माउसची, डावी कळ अचानक मुकी झाली होती.

"टाकून दे ते," दादा म्हणाला. तो भाऊबीजेसाठी आला होता आणि आमच्या दिवाणखान्यातल्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली चकल्या खात बसला होता.

"काका, दुरुस्त करू या ना!" माझी लेक म्हणाली. ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू आपलीच वाट पाहत आहे असे तिला वाटते.

"तूच कर. माझ्या हाताला यश नाही."

हे वाक्य दादा इतक्या सहजपणे म्हणाला की कुणाच्या लक्षातही आले नसते. माझ्या मात्र आले. ते वाक्य चौतीस वर्षांचे होते, आणि त्याचा जन्म माझ्यासमोर झाला होता.

लेकीने आधी वीजपुरवठ्याच्या ठोकळ्याचे व्होल्ट मोजले, मग यंत्र सुरू केले. फ्लॉपी कुरकुरली आणि पडदा उजळला. माउस फिरवला की बाण चारी दिशांना फिरे. आतला गोळा दोन चकत्या फिरवतो, आणि त्यांच्या हालचालीची वार्ता चार तारांवरून आत जाते. त्या चारी तारा शाबूत होत्या. उजवी कळ दाबली की वरची यादीही उघडे. डावी दाबली की काही नाही.

"आता माउस दोषी की ज्या खाचेत तो जोडतो ती खाच?" लेकीने न्यायाधीशाच्या आवाजात विचारले. या यंत्राला मागे नऊ सुयांच्या दोन खाचा असतात. पहिलीत माउस, दुसरीत खेळाची जॉयस्टिक. तिने जॉयस्टिक दुसरीत लावली, गोळी सुटली. तीच जॉयस्टिक पहिलीत लावली, गोळी सुटेना. गोळीचे बटण आणि माउसची डावी कळ एकाच सहाव्या सुईवर येतात. म्हणजे माउस निर्दोष सुटला, खाच अडकली. प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी लेक यंत्र बंद करी, थांबे, आणि मगच हात लावी.

"एवढं बंद-चालू कशाला?" मी उगाच विचारले.

"बाबा, चालू असताना काढघाल केली की आतली चिप जळते. या यंत्रांची ही ठरलेलीच खोड."

मी गप्प बसलो. दादाने चकलीची बशी बाजूला ठेवली होती.

चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू निघाले, पत्र्याचे झाकण निघाले. लेकीने मीटरची टोके लावली. कळ न दाबता सहाव्या सुईवर पाच व्होल्ट. दाबली की शून्य. मग ती सुई जिथे पोचते त्या चाळीस पायांच्या चिपच्या आठव्या पायावर टोक लावले. तिथेही तेच. म्हणजे निरोप दारापर्यंत बिनचूक येत होता. आतल्यालाच तो ऐकू येत नव्हता.

"तेव्हा मी उघडलं होतं ना," दादा हळूच म्हणाला, "त्यात माझा पेचकस कुठंतरी लागला असणार. आठवड्याच्या आत कळ गेली."

त्या दिवशी नानांनी दादाला काय काय ऐकवले ते मी दाराआडून ऐकले होते. "ज्याला जोडता येत नाही त्यानं उघडू नये" हे त्यातले सौम्य वाक्य. दादाचा पेचकसांचा डबा कपाटात कुलुपबंद झाला. त्या जूनमध्ये त्याने पदविकेचा अर्ज भरलाच नाही. वाणिज्य शाखेला गेला आणि पुढे बँकेत चिकटला. नानांनी त्याला अडवले नव्हते, बरे का. त्याने स्वतःच अर्ज फाडला. मी पाहिला होता फाडताना.

आणि खरी गोष्ट अशी होती की मामाने बजावले होते : "बंद केल्याशिवाय मागे हात लावायचा नाही." पण दोघांनी खेळायचे तर माउस काढून त्या जागी दुसरी जॉयस्टिक लावावी लागे. यंत्र बंद करायचे म्हणजे खेळ पुन्हा फ्लॉपीवरून चढेपर्यंत ताटकळायचे. अकरा वर्षांच्या मुलाला तेवढा धीर कुठला? दादा क्लासला गेला होता. शेजारचा मित्र घाई करत होता. मी चालू यंत्रातून माउस उपटला आणि जॉयस्टिक वाकडीतिकडी कोंबली. पुढे माउस परत लावला तेव्हा डावी कळ मुकी झाली होती.

"दादा," मी म्हणालो, "तुझा पेचकस नव्हता लागला. मी चालू असताना माउस ओढला होता. त्याच दिवशी कळ गेली."

पंख्याचा आवाज फार मोठा वाटू लागला. लेकीने मीटरवरची नजर काढली नाही. पोरगी शहाणी आहे.

"तेव्हा का नाही सांगितलंस?" दादाने विचारले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

नानांची भीती वाटली, हे पहिल्या दिवसाचे उत्तर होते. दुसऱ्या दिवसापासून मला उत्तरच नव्हते. भाषा शिकवणाऱ्या माणसाला त्या क्षणी एक वाक्य जुळवता आले नाही.

बऱ्याच वेळाने दादा उठला, चष्मा पुसला आणि त्या उघड्या यंत्रावर वाकला. "ही चिप आणि ही शेजारची सारखीच दिसते."

"जुळ्याच आहेत, काका. एकच क्रमांक, ८५२०. अदलाबदल करून पाहायची का?"

"सर. मी काढतो."

लेकीने आधी वायर काढली. मग दादाने एका चपट्या पेचकसाने, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून, चिप उचलली. एकही पाय वाकला नाही. दोघींच्या जागा बदलल्या, कडेची खूण जुळवून अंगठ्याने दाबल्या. यंत्र सुरू झाले. दादाने माउस हातात घेतला, बाण एका चित्रावर नेला आणि डावी कळ दोनदा दाबली. खिडकी उघडली.

"पण मग ती जायबंदी चिप?" मी विचारले.

"ती आता शेजारच्या जागी," लेक म्हणाली. "तिथं त्या पायाचं काम मोडेमला 'पाठवू का?' असं विचारण्याचं. आपल्याकडे मोडेम होता कधी?"

नव्हता. तिचा तो पाय अजून बधिरच आहे. फक्त आता कुणाला त्याची गरज पडत नाही. माणसांचे असे जागा बदलून भागत नाही, हे मला त्या रात्री उशिरापर्यंत जाणवत राहिले.

निघताना दादाने चपला घातल्या, आणि दारातून परत आत येऊन वर पाहिले.

"या पंख्याचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "रविवारी येतो. येताना माझा डबा आणतो."