दिमोनातला मलिदा

बीरशेबाहून बस सुटली की सुमारे 35 किलोमीटर नुसतं नेगेवचं वाळवंट. मग येतं दिमोना, 1955 साली वसवलेलं गाव. इथल्या बाजारात ‘‘काय गं, कशी आहेस?’’ असं कानी आलं तर दचकू नका हं! आपल्या कोकणातले बेने इस्राएली इथं राहतात.

माझे आजोबा, आईचे वडील, 1963 साली अलिबागच्या इस्राएल आळीतून इथं आले. आई ठाण्याला सासरी होती. दर पत्राच्या शेवटी ठरलेलं वाक्य : ‘‘सोलकढीला आमसुलं पाठव.’’ नव्यानं येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याच दोन खोल्यांत उतरायचा.

तेव्हा आमच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी झाल्याशिवाय लग्न लागत नसे. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं सुरू झालं. आजोबा निघाले. मावशीचं लग्न ठरलेलं. आजी म्हणाली, ‘‘होऊ दे चौकशी, कार्य उरकून घेऊ.’’

‘‘आपल्या पोरीचं उरकेल. शेजारणीच्या पोरीचं काय?’’

ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला : बेने इस्राएल सर्व बाबतींत बरोबरीचे. मावशीचं लग्न त्यानंतरच लागलं.

आता ऐंशी ओलांडलेल्या मावशीनं माझ्यासाठी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं आणि पहिली बशी माझ्या हातात दिली. मी खायला बसणार, तोच म्हणाली, ‘‘अगं, ही शेजारी देऊन ये. बाबांची रीत आहे.’’