आधी कान, मग माइक

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, ही मुख्यतः कानाची कला आहे. नवखा माणूस परवाना हाती पडताच माइक उचलतो. मुरलेला हॅम मात्र आधी बराच वेळ बँडवर नुसता ऐकत बसतो. कोण कोणाशी बोलत आहे, जागा मोकळी आहे का, खरखरीत एखादे दूरचे क्षीण स्टेशन हाक देत आहे का, हे कळल्यावरच तो आपला कॉलसाइन, म्हणजे ओळखीचा संकेत, सांगतो.

साधने साधी असतात. २० मीटर बँडसाठी सुमारे १० मीटर तार मधोमध तोडून टांगली की डायपोल अँटेना तयार होते. गच्चीवरच्या त्या तारेतून निघालेली लहर आयनांबरातून खाली वळते आणि हजारो किलोमीटर दूर उतरते. ४० मीटर बँडची तऱ्हा वेगळी. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा ‘डी’ थर त्याच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरत जातो आणि पुण्यातल्या खोलीत युरोप ऐकू येऊ लागतो. बँड कधी उघडेल याचे अंदाज छापून मिळतात, पण खरी पारख रोज ऐकणाऱ्यालाच येते.

हॅमच्या गप्पांत धंद्याला मनाई आहे. राजकारण आणि धर्म संकेतानेच दूर ठेवले जातात. उरतात सिग्नलचा अहवाल, नाव, गाव, हवा आणि अँटेना. ओळख जुळायला तेवढे पुरते, कारण कॉलसाइनमागचा हुद्दा कोणी विचारत नाही. जॉर्डनचे राजे हुसेन ‘जेवाय१’ म्हणून सामान्य हौशींशी बोलत. राजीव गांधींकडेही हॅमचा परवाना होता. पुढे टपालाने संपर्काची पावती म्हणून क्यूएसएल कार्ड येते आणि ऐकलेल्या आवाजाला पत्ता मिळतो.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक चमू जगभरच्या हौशींशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली. नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडली, तेव्हा याच चमूने बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवली. अनोळखी आवाज लक्ष देऊन ऐकण्याचा सराव तिथे थेट कामी आला.

परवान्याची परीक्षा केंद्र सरकारतर्फे होते आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स यावे लागत नाही. मात्र पुस्तक उघडण्याआधी एखाद्या हॅमच्या शेजारी बसून संध्याकाळचा बँड जरूर ऐकावा.