पालखी दारात येते तेव्हा

फाल्गुन लागला की रत्नागिरी-संगमेश्वराकडच्या पायवाटांवर काजूच्या बोंडांचा आंबूसगोड वास येऊ लागतो. भाताचे मळे केव्हाच रिकामे झालेले, त्यांच्या कोपऱ्यात भाजावळीचे काळे चौकोन. कलमांना कैऱ्या लोंबू लागलेल्या. याच दिवसांत शिमगा येतो. कोकणाचा सर्वांत आतला सण मला हाच वाटतो. गणपती आपण वाजतगाजत घरी आणतो. शिमग्यात ग्रामदेवता स्वतःहून दारी येते.

वाघजाई, जाखमाता, केदारलिंग, सोमजाई ही दैवतं वर्षभर गावाच्या कडेला, जुन्या झाडांच्या सावलीत बसलेली असतात. फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, गाव हलू लागतं. होळीसाठी कुठे आंबा तोडतात, कुठे सुरमाड, कुठे शेवर. तो अख्खा सोट खांद्यांवर घेऊन माणसं आरोळ्या देत चढण चढतात. काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे, काहींचे पौर्णिमेचे. पेटीतली चांदीची रुपं बाहेर निघतात, पालखीत लागतात, नवी साडी नेसवली जाते आणि पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, विराजमान होते. मग ती भोवनीला निघते. वाडीमागून वाडी, घरामागून घर, कधी पहाटेपर्यंत.

ढोल आधी लांबून, व्हाळाच्या पलीकडून ऐकू येतो. घरात लगबग वाढते. अंगण सारवून झालेलं असतं, तरी कुणीतरी रांगोळीचं एक बोट पुन्हा ओढतं. खण, नारळ, तांदूळ सुपात मांडलेले. पालखी अंगणात आली की आधी नाचते. भोयांचे खांदे सोललेले असतात, झोप झालेली नसते, पण ढोलाचा ठेका चढला की लाकडाचं ते ओझं खांद्यावरून असं उसळतं की नाचवणारे कोण आणि नाचणारं कोण, हे कळेनासं होतं. काही गावांत नारळ पुरून ठेवतात आणि पालखी ती खूण शोधते. कुणी याला श्रद्धा म्हणेल, कुणी आणखी काही. पालखी त्या जागी अडून राहते तेव्हा भोवतालच्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. मला तेवढं पुरतं.

नंतर ओटी. म्हातारी सासू पुढे होते, ‘आये, आलीस गो’ म्हणते आणि डोळ्यांना पदर लावते. देवळात ती कधी असं बोलत नाही. तिथे ती दर्शनाला गेलेली असते. इथे तिच्याकडे पाहुणी आलेली असते. चुलीचा धूर, गोठ्याचा वास, पोरांचं अंगणात आडवंतिडवं झोपणं, हे सगळं देवीने पाहावं, असं तिला मनापासून वाटतं.

मग गाऱ्हाणं. मुंबईला, विरारला, आखातात असलेल्या लेकरांची नावं घेतली जातात. कुणाच्या नोकरीसाठी, कुणाच्या लग्नासाठी, कुणाच्या दुखण्यासाठी. प्रत्येक मागणीला सगळं अंगण ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतं. एका घराचं दुखणं अशा रीतीने सगळ्या वाडीला ठाऊक होतं, आणि वाडीने त्याला होकार भरलेला असतो. आपल्याकडे याहून सुंदर सामुदायिक प्रार्थना मला माहीत नाही.

पाठोपाठ खेळे येतात. मृदुंग, झांजा, काळ्या पोशाखातला, उंच टोपीचा संकासूर. त्याच्या कमरेचे घुंगरू वाजले की पोरं आईच्या मागे दडतात.

या सणाला दुखरी बाजूही आहे. कुणी झाड तोडायचं, कुणी ढोल वाजवायचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे मान जातींनी आणि घराण्यांनी बांधलेले आहेत. त्यावरून भावकी फुटते, बैठका होतात, पोलीस बंदोबस्त लागतो, आणि काही ठिकाणी पालखी वर्षानुवर्षं बाहेरच पडत नाही. देवीने सगळ्यांच्या दारी जायचं आणि तिला खांदा कोण देणार यावर माणसांनी भांडायचं, याचा मला राग येतो. मान वाटून घ्यावा. ज्या गावांनी तो वाटून घेतला तिथला शिमगा अधिक भरलेला असतो.

2021 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे पालख्या घरोघरी नेण्यावर निर्बंध आले. चाकरमान्यांनाही तेव्हा उमगलं की आपण रजा टाकून, गाडीत उभ्याने प्रवास करून येतो ते कशासाठी. एरवी 1998 पासून कोकण रेल्वे मुंबईहून थेट धावते आणि शिमग्याला तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. तरी काही घरं उघडत नाहीतच. म्हातारे गेले, पोरांची शाळा, भाडं परवडत नाही. पालखी त्या अंगणातही वळते. शेजारीण आपल्याच सुपातला दुसरा नारळ काढते, बंद दारासमोर ओटी भरते, आणि गाऱ्हाण्यात त्या घरातल्या माणसांची नावं घ्यायला लावते, मुंबईत जन्मलेल्या नातवंडांसकट. एखादं नाव तिला आठवत नाही, तेव्हा मागून चार जण ओरडून सांगतात. ढोलवाले तोवर पुढच्या घराच्या पायऱ्या चढू लागलेले असतात.