ग्रंथांचे वर्गीकरण आणि माणसांचे

ग्रंथालयात नित्य जाणाऱ्या विद्वानास तेथील ग्रंथपाल ठाऊक असतो. परंतु हवा तो ग्रंथ शोधून, धूळ झटकून जे हात त्याच्यापुढे ठेवितात, त्या हातांचे नाव बहुधा त्यास ठाऊक नसते. आज त्या हातांविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आहे.

आमचे वास्तव्य मुळशी तालुक्यातील कोळवण येथे. येथल्या भाताच्या खाचरांत वाढलेला आमचा एक विद्यार्थी मॅट्रिक होऊन पौडमार्गे बाहेर पडला आणि एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात परिचर झाला. सणावाराला घरी आला म्हणजे तो आमच्या ओसरीवर येऊन बसतो. प्रारंभी त्याचे काम पुस्तके फडताळात लावणे, पाठीवर चिठ्ठ्या डकविणे आणि प्राध्यापकांच्या घरी स्मरणपत्रे पोचविणे एवढेच होते. आता तो संगणकावर ग्रंथांच्या नोंदी करितो, जीर्ण पोथ्यांची पाने यंत्राने टिपून घेतो, नव्या विद्यार्थ्यांस ग्रंथसूची कशी धुंडाळावी हे शिकवितो. २००९ च्या नियमांनी पीएच. डी. च्या प्रबंधाची संगणकीय प्रत अनिवार्य केली, तेव्हापासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात प्रबंध चढविण्याचे कामही त्याच्याकडे आले. हुद्दा मात्र परिचर तो परिचरच! मुलीच्या शाळेच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापुढे लेखणी थबकली, असे त्याने आम्हांस हसत सांगितले. ते हसणे आम्हांस बरे वाटले नाही.

नामे क्रियेपासून निघतात, असे यास्काचार्यांनी निरुक्तात प्रतिपादिले; सर्वच नामे तशी नसतात, असा गार्ग्यांचा आक्षेप होता. सरकारी पदनामांपुरता गार्ग्यांचाच विजय झालेला दिसतो! परिचर म्हणजे सेवेसाठी भोवती वावरणारा. क्रिया पालटली, नाम राहिले, आणि नामाबरोबर वेतनही राहिले.

नवल असे की ग्रंथालयासारखी वर्गीकरणात निष्णात संस्था दुसरी नाही. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश पद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा संगणक जन्मासही आला नव्हता. पुढे त्यास ००१.६ या अंकात दाटीवाटीने बसविले. परंतु विषय फोफावला तसे १९८९ च्या विसाव्या आवृत्तीत ००४ ते ००६ हे स्वतंत्र अंक त्यास मिळाले. ज्ञान वाढले तर पुस्तकाचा वर्ग पालटावा, हे ज्यांस सहज कळते, त्यांनी माणसाच्या बाबतीत एवढे अडखळावे काय?

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. यंत्राची कळ दाबणे म्हणजे शास्त्र नव्हे, ग्रंथालयशास्त्राची पदवी कष्टाने मिळविलेल्या तरुणांवर अन्याय होईल, शिवाय तिजोरीवर भार पडेल, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. केवळ वर्षे भरली म्हणून बढती द्यावी, असे आम्हीही म्हणत नाही. परंतु प्रत्यक्ष कामाची तपासणी करावी, परीक्षा घ्यावी, उणे असेल ते शिकवावे आणि मग योग्य त्या वर्गात बसवावे, याला कोणाची हरकत असावी? २००८ साली सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाने चतुर्थ श्रेणीच्या सेवकांस, ज्यांची अर्हता अपुरी त्यांस शिकवून, तृतीय श्रेणीत घेण्याची शिफारस केली व केंद्र सरकारने ती मान्यही केली. महाराष्ट्राच्या सेवेत 'गट ड' मात्र अद्याप कायम आहे.

पदवी आधी की काम आधी, या वादात भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचे उदाहरण बोलके आहे. ते गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल नेमले गेले. शास्त्र शिकण्यास लंडनला गेले ते त्यानंतर! संस्थेने त्यांस शिकण्याची संधी दिली आणि त्या ऋणाची फेड त्यांनी शतपटीने केली.

एक सावधगिरी मात्र हवी. नवे नाव देऊन जुनेच वेतन ठेवणे ही सुधारणा नव्हे, शोभा होय. तसेच उतारवयात यंत्राशी ज्यांचे जमत नाही, त्यांस अडगळीत टाकू नये. कोणते पुस्तक कोणत्या कोपऱ्यात रुसून बसले आहे, हे त्यांच्याइतके यंत्रासही कळत नाही.

आमच्या वाचकांच्या घरांतून प्राध्यापक आहेत, कोणी अधिसभेवरही असतील. त्यांनी आपल्या ग्रंथालयातील परिचर आज नेमके काय काम करितो, एवढे एकदा स्वतः पाहून यावे. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडिलेल्या पाच सूत्रांत शेवटचे सूत्र ग्रंथालयाच्या वर्धिष्णुतेचे आहे. फडताळे वाढावी, यंत्रे वाढावी, आणि त्यांची राखण करणारा माणूस तेवढा आहे तेथेच राहावा, ही वाढ आम्हांस तरी निकोप वाटत नाही.