दुसऱ्याच्या हाकेला ओ

महाविद्यालयात ‘प्रॉक्सी’ या शब्दाला एकच अर्थ असतो : हजेरीच्या वेळी गैरहजर मित्राच्या क्रमांकाला मान खाली घालून दिलेला ‘येस मॅडम’. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर तो आवाज मला पाठमोरी असतानाही ओळखू येतो. त्यामुळे ग्रंथालयाची नवी इमारत जुन्या जाळ्याला जोडताना ‘प्रॉक्सी एआरपी’ चालू केले आहे, असे संगणकशास्त्राच्या सहकाऱ्याने सांगितले, तेव्हा माझ्या कपाळावर आठी उमटली.

इथरनेटवरची ओळख ४८ बिटांच्या पत्त्याने चालते. ज्या यंत्राला केवळ आयपी पत्ता ठाऊक आहे, ते साऱ्यांना ऐकू जाईल अशी हाक घालते : हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल तो एकटा ओ देतो. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली आरएफसी ८२६ मध्ये मांडलेली ही रीत. अडचण अशी, की ही हाक राउटरपलीकडे जात नाही. आमच्या जुन्या यंत्रांचा सबनेट मास्क असा, की नवी इमारतही त्यांना आपल्याच गल्लीतली वाटे. ती हाका घालत राहत, आणि उत्तर येत नसे.

अशा वेळी राउटर ‘तो मीच’ म्हणून स्वतःचा पत्ता देतो, आलेले टपाल ठेवून घेत नाही, पुढे पोचवतो. सबनेट न कळणाऱ्या यंत्रांना हात न लावता काम भागावे म्हणून कार्ल-मिचेल आणि क्वार्टरमन यांनी १९८७ साली आरएफसी १०२७ मध्ये ही युक्ती सविस्तर लिहिली. लिनक्सच्या राउटरवर त्यासाठी एका शून्याचा एक करावा लागतो, इतकेच.

मला वाटले, भेद सापडला. वर्गातला प्रॉक्सी ओ देतो, पण व्याख्यान मित्रापर्यंत पोचवत नाही, राउटर पोचवतो. हे मी सहकाऱ्याला जरा ऐटीतच ऐकवले. तो हसला. “मॅडम, चोरही पोचवतो. आधी वाचतो, मग पोचवतो.” एआरपीमध्ये उत्तर देणाऱ्याची शहानिशाच नाही, स्पूफिंग करणारा नेमके हेच वाक्य उच्चारतो, आणि तारेवर दोघांचे शब्द सारखेच दिसतात.

मग उरते काय? कुणी नेमले, एवढेच. राउटर कोणकोणत्या पत्त्यांच्या वतीने बोलतो याची यादी सहकाऱ्याने प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावली होती. मुखत्यारपत्राला नोंद लागते, ती अशी. (वर्गातल्या प्रॉक्सीने अशी यादी लावल्याचे मात्र स्मरत नाही.)

तरीही या सोयीबद्दल माझे मन पुरते निवळले नाही. राउटर सांभाळून घेतो म्हणून यंत्रांचा चुकीचा मास्क वर्षानुवर्षे झाकला जातो. राउटर बंद पडला, तर त्याचे जुने उत्तर स्मृतीत धरून बसलेली यंत्रे काही काळ त्याच्याच नावे टपाल धाडत राहतात.

दिवाळीच्या सुटीत सहकाऱ्याने एकेका यंत्राचा मास्क आणि गेटवे दुरुस्त केला, राउटरवरच्या एकाचा पुन्हा शून्य केला आणि भिंतीवरची यादी काढली. सुटीनंतर ग्रंथालयात कुणी काही विचारले नाही.